कोहेन फाटकाबाहेर थांबतो

१८ मे, रविवार. विमानात

डोरिनला रोज संध्याकाळी अहवाल हवाय. ‘आज मी काय शिकले’, तीन मुद्द्यांत. तो मी फोनवर खरडून पाठवत जाईन. हे त्यातलं नाही. इथे मी शिकलेलं नाही, वाटलेलं लिहिणार आहे, आणि ते डोरिनच्या नजरेला पडता कामा नये, कारण सुरुवात तिच्यापासूनच आहे.

डोरिन आमच्या सहलीची म्होरकी. टोरांटोची, पन्नाशीची. गळ्यात शिट्टी नाही एवढंच. कॅनडाभरच्या विद्यापीठांतून आम्ही मोजके ज्यू विद्यार्थी तिने गोळा केलेत. ग्रीसमधल्या सालोनिकाला जायचं, तिथल्या आपल्या लोकांचा इतिहास शिकायचा आणि परत येऊन आपापल्या कॅम्पसवर आपली बाजू मांडायची. बाजू मांडणं मला काही नवीन नाही. गेलं वर्षभर मॉन्ट्रियलला आमच्या विद्यापीठात दोन्हीकडचे लोक कर्णे घेऊन एकमेकांवर ओरडताहेत, आणि त्यातला एक कर्णा माझ्या हातात होता. माझ्याशी वाद घालून कुणी जिंकत नाही, असं आई म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

शेवटच्या दिवशी तिथल्या विद्यार्थ्यांसमोर आमच्यातल्या एकाचं भाषण आहे. जो बोलेल तोच पुढे वर्षभर आम्हा सगळ्यांचा प्रतिनिधी. डोरिनने निवडलं कुणाला? हिलेल काट्झला! विनिपेगचा आहे, उंच, आणि इतका सावकाश बोलतो की त्याने वाक्य सुरू केल्यावर मधल्या वेळात कॉफी पिऊन येता येईल. मी राखीव. राखीव हा शब्द डोरिनने वापरला, मी नाही.

विमानतळावर सोडायला आईने यावं असं मी सांगितलं होतं. आले पप्पा. सामान उतरवून दिलं, कोट नीट घे म्हणाले (मे महिन्यात!), आणि मग म्हणाले, “सप्टेंबरात माझ्याबरोबर येशील का? फ्रेहाआजीकडे?”

आमचं नववर्ष सप्टेंबरात येतं; त्याच्या आधी आपल्या माणसांच्या कबरींवर जाऊन यायचं, असा आमच्यात रिवाज आहे. आई जाते. मी गेले नाही कधी. पप्पा तर जाऊच शकत नाहीत, मग हे ‘माझ्याबरोबर’ कसलं? “बघू,” म्हटलं आणि आत गेले.

२० मे, मंगळवार

आज फजिती झाली. माझी नाही, डोरिनची, त्यामुळे बघायला मजा आली. निदान सुरुवातीला.

इथलं विद्यापीठ आपल्या जुन्या दफनभूमीवर उभं आहे. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, डोरिनच्या कागदांतसुद्धा पहिल्याच पानावर होतं. शेकडो वर्षांच्या कबरी, लाखो माणसं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा ताबा असताना त्या उखडल्या, दगड गावभर बांधकामाला गेले, आणि पुढच्या वर्षी उरलेली जिवंत माणसं आगगाडीत भरून नेली. नंतर तिथे वर्ग झाले, वाचनालय झालं, हिरवळ झाली. हिरवळीवर आता एक स्मारक आहे.

मोठ्या रस्त्यावरच्या फाटकाशी आम्ही पोहोचलो. सगळे आत शिरले. हिलेल थांबला.

“काय झालं? बुटाची नाडी?” डोरिन.

“नाही. मी इथेच थांबतो. मी कोहेन आहे.”

डोरिनचं तोंड उघडंच राहिलं. काट्झ हे आडनावच मुळात कोहेनांचं, हे तिला कळायला हवं होतं. पूर्वी देवळात पुरोहित होते त्यांचे हे वंशज. कोहेनने मेलेल्या माणसाजवळ जायचं नाही, दफनभूमीत पाय ठेवायचा नाही. मुलींना हा नियम नाही, म्हणून मी मोकळी. कारण आम्हीही कोहेनच. माझे पप्पा कोहेन आहेत. मला हे सगळं अगदी आतून-बाहेरून माहीत आहे, त्याबद्दल कुणी शिकवायला नको.

“अरे, पण इथे कॅन्टीन आहे,” डोरिन म्हणाली. “कबर एकही नाही. सगळे कोहेन इथे येतात-जातात, विचार कुणालाही!”

“येत असतील. त्यांना मी काही म्हणत नाही.”

मला राहवलं नाही. “काल रात्री बंदरावर ताटभर कोळंबी कुणी खाल्ली, हिलेल? ती कोणत्या धर्मात बसते? शनिवारी फोन चालतो, कोळंबी चालते, आणि कॅन्टीन नाही चालत?”

सगळे हसले. हिलेलही हसला. “कोळंबी फार चांगली होती,” म्हणाला. आणि तिथेच फुटपाथवर भिंतीला टेकून उभा राहिला.

आम्ही स्मारकाशी गेलो, प्रार्थना म्हटली. दफनभूमीतून निघताना हात धुवायचे असतात. नळ सापडेना, तेव्हा डोरिनने बाटलीतून एकेकाच्या हातांवर पाणी घातलं. पोरं सायकलवरून जाताना बघत होती. बाहेर आलो तर हिलेल तसाच उभा, उन्हात, नाक लाल झालेलं.

मला त्याचा इतका राग का आला ते लिहून टाकते. आईची आई, फ्रेहाआजी, गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. फेब्रुवारी होता. कोहेनला आई-वडील, बायको, मुलं, सख्खी भावंडं एवढ्यांसाठी सूट आहे. सासूसाठी नाही. आई एकुलती एक. ती बर्फात फावडं घेऊन आजीवर माती लोटत होती, आणि मी तिचा कोट धरून उभी होते. मागे वळून पाहिलं तर कुंपणापलीकडे रस्त्यावर आमची गाडी, गाडीत पप्पा, आणि इंजिन चालू. धूर दिसत होता. निघायची घाई झाल्यासारखा. मी ते कधी विसरले नाही. पप्पांना कधी बोललेही नाही.

२१ मे, बुधवार

विद्यापीठात पहिली बैठक. फोटिनी म्हणून इथली इतिहासाची विद्यार्थिनी आहे, ती आमची यजमान. मोठा हॉल घेतलाय आणि माणसं डोक्यावर केस मोजावेत इतकी. म्हणजे आमच्या डीनच्या डोक्यावर. मी ‘ज्यूंविषयीचे गैरसमज आणि त्यांना उत्तरं’ यावर बोलले. चांगलं झालं. एका मुलाने शंका काढली, तिला मी तीन मुद्द्यांत झोपवलं. नंतर तो मुलगाही झोपलाच.

बाहेर आले तर हिलेल फाटकाशी आरामात गप्पा मारत होता. तीन-चार पोरं-पोरी त्याच्याभोवती, हातात थंड कॉफीचे पेले. आम्ही आत घसा कोरडा करतोय आणि हा बाहेर मैफल जमवून बसलाय!

“काय चाललं होतं?” विचारलं.

“काही नाही. रोज इथे का उभा राहतोस, विचारत होते.”

“मग?”

“सांगितलं.”

एवढंच. त्याच्याकडून दोन शब्द काढायचे म्हणजे दाढ काढण्यासारखं आहे.

संध्याकाळी डोरिनने मला बाजूला घेतलं. “हिलेल आत यायला तयार नाही, हॉल आत आहे. तेव्हा अठ्ठावीसला तूच बोलायचंस, सिमी.” मला आनंद झाला. झालाच. हिलेलला सांगितलं तर तो म्हणाला, “तू माझ्यापेक्षा चांगलं बोलशील.” त्यात टोमणा शोधून पाहिला, सापडला नाही. त्यानेच जरा चिडचिड झाली.

२४ मे, शनिवार. शब्बाथ संपल्यावर

तीन तारे दिसले, म्हणजे आमचा विश्रांतीचा शनिवार संपला, म्हणून लिहायला बसले. पप्पा इथे नाहीत, तरी शब्बाथला लिहायला हात उठत नाही. सवय, दुसरं काय.

काल रात्री ग्रासियाआजींकडे जेवण होतं. त्या इथल्याच, ऐंशीच्या आसपास, तोंडाने तिखट. त्यांची आई छळछावणीतून परत आली त्या मूठभरांतली. आम्हाला पाहून म्हणाल्या, “कॅनडात खायला मिळत नाही वाटतं? सगळे असे कसे?” आणि वाढतच राहिल्या. ताटात रात्रभर शिजवलेली तपकिरी अंडी आली. फ्रेहाआजी मोरोक्कोहून आलेली, पण अंडी अगदी हीच करायची, हाच रंग. सोलताना मला रडू आलं. मी मिरीवर ढकललं.

हिलेल शेजारी बसला होता. मी म्हटलं, “आता आईची शपथ घेऊन सांग. बाकी काही पाळत नाहीस, मग हेच का?”

त्याने आधी सावकाश तोंड पुसलं. मग म्हणाला, “माझे आजोबा लिथुआनियाचे. त्यांचं सगळं घर गेलं, आई-वडील, भावंडं. कुठल्या रानात, कुठल्या खड्ड्यात, पत्ता नाही. विनिपेगला आल्यावर कुणाच्याही अंत्ययात्रेला ते जायचे आणि दफनभूमीच्या फाटकाशी थांबायचे. ओळख असो, नसो. लोक म्हणायचे, अहो, रक्त गोठतंय थंडीने, घरी जा. ते म्हणायचे, आत जायचं नाही हा नियम पाळायला आधी आत कुणीतरी असावं लागतं. तिकडे आमच्यासाठी तेवढंही ठेवलं नाही.”

“म्हणून तू थांबतोस.”

“मी आत गेलो तर ते कॅन्टीन आहे. बाहेर थांबलो तर दफनभूमी आहे.”

  मग मी म्हटलं, “पण आतल्या माणसाचं काय? जो आत एकटा उभा असतो, फावडं घेऊन, त्याचं?” त्याला अर्थातच काही कळलं नाही. कसं कळेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि आपल्या ताटातलं अंडं सोलून माझ्या ताटात ठेवलं. त्याला नखं नाहीत, अंड्याची पार चाळण केली होती.

तीन मुद्द्यांचा अहवाल: काही शिकले नाही.

२५ मे, रविवार

माझ्या दुसऱ्या बैठकीला बुधवारपेक्षाही कमी लोक. बैठक संपल्यावर मी फोटिनीला सुनावलंच. “जाहिरात नीट केलेली दिसत नाही. एवढा विषय आणि ही उपस्थिती?”

ती हसायला लागली. “लोक आलेत की. सगळे बाहेर आहेत.”

“बाहेर कुठे?”

“तुमच्या हिलेलपाशी. आमच्या वर्गात त्याच्याबद्दलच बोलणं चाललंय. माझी मैत्रीण चार वर्षं या फाटकातून जातेय. परवा पहिल्यांदा फाटकाशी आल्यावर तिने कानातली गाणी बंद केली.”

म्हणजे लोक त्याच्याशी गप्पा मारायला थांबतात आणि हॉलमध्ये येत नाहीत. हेच तर मी म्हणतेय. डोरिनच्या कानावर घालायला हवं. अठ्ठावीसला हिलेलला फाटकापासून जरा लांब बसवावं, म्हणजे माझ्या भाषणाला गर्दी होईल. डोरिनला सांगितलं. ती म्हणाली, “सांग तूच त्याला, तुझं ऐकतो तो.” माझं? मला हसू आलं. उगाचच बराच वेळ येत होतं.

भाषण लिहायला घेतलं. नऊ मुद्दे झालेत.

२६ मे, सोमवार

आज जे कळलं ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे.

सकाळी ग्रासियाआजींच्या पिशव्या उचलायला बाजारात गेले होते. परत येताना त्या विद्यापीठाच्या समोरच्या फुटपाथवर, कॉफीच्या टपरीवजा कियोस्कजवळ थांबल्या. पलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूला, हिलेल फाटकाला पाठ लावून उभा होता आणि कुणाला तरी हातवारे करून काही सांगत होता. म्हणजे त्याला हातवारेही येतात.

ग्रासियाआजींनी कियोस्कच्या बाजूच्या कठड्यावर तळहात ठेवला. “भिंत इथे होती.”

“कसली?”

“दफनभूमीची. माझी आई लहानपणी शाळेला जायची ती या भिंतीला हात लावत लावत. मला अनेकदा आणून दाखवलंय तिने. भिंतीच्या या अंगाला गाव, त्या अंगाला आपली माणसं.”

मला उमगायला वेळ लागला. भिंत इथे, तर रस्ता आत. रस्त्यापलीकडचा फुटपाथ आत. फाटक तर चांगलंच आत. हिलेल आठवडाभर ज्या जागी बाहेर म्हणून उभा आहे, ती जागा बाहेर नाहीच!

“तुम्ही त्याला सांगितलं का नाही?”

“कशाला? पोरगा किती मनापासून उभा आहे.” त्या पिशवीतले टोमॅटो चाचपत होत्या. “आणि सांगायचं तर कुणाकुणाला सांगू? माझे पणजोबा नेमके कुठे आहेत मला माहीत नाही. म्हणून मी या भागात सगळीकडेच हळू चालते. लोकांना वाटतं गुडघे दुखतात.”

“दुखत नाहीत?”

“दुखतात ना. पण त्याने एवढी हळू नाही चालत मी.”

आता माझ्या हातात हुकमाचा एक्का आहे. जाऊन एवढंच म्हणायचं, ‘बाळा, तू पहिल्या दिवसापासून आतच आहेस. नियम मोडून झालाय. चल कॅन्टीनमध्ये.’ तो वादच संपला. यावर त्याच्याकडे उत्तर असणं शक्य नाही. इतका बिनतोड मुद्दा मला वर्षभरात सापडला नव्हता.

आणि मला तो वापरावासा वाटत नाही. का, ते कळत नाही. न सांगावं तर त्याला फसवल्यासारखं होतं. तो ज्याच्यासाठी उन्हात उभा आहे तेच रोज त्याच्या पायाखाली आहे, आणि ते मला माहीत आहे, त्याला नाही. सांगावं तर त्याचा चेहरा कसा होईल ते दिसतंय मला. त्याच्या आजोबांना निदान विनिपेगची फाटकं खरी मिळाली होती.



२७ मे, मंगळवार

गेले. रस्ता ओलांडताना हळू चालले. एका बसवाल्याने हॉर्न वाजवून उद्धार केला.

हिलेलपाशी एक मुलगी होती, ती गेल्यावर मी तोंड उघडलं. सगळं पाठ करून गेले होते. आणि तोंडातून निघालं काय, तर, “चल, पलीकडे कियोस्कवर कॉफी पाजते.”

“तू? पाजणार?”

“येतोस की मत बदलू?”

तो आला. कियोस्कजवळ कठड्याच्या या अंगाला, गावाच्या बाजूला, मी त्याला उभं केलं. कॉफी दिली. म्हटलं, “उद्यापासून इथेच थांबत जा. तिथे नको.”

“का?”

“इथे सावली आहे.”

हिलेलने वर पाहिलं. झाड नाही, छत नाही, ऊन टाळूवर. त्याने कठड्याकडे पाहिलं. मग पलीकडे, आपण आठवडाभर उभे होतो त्या जागेकडे. मग माझ्याकडे. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. खोटं बोलायला मी इतकी कच्ची आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

“ग्रासियाआजी काल इथे बराच वेळ थांबल्या होत्या,” तो म्हणाला. “मी पाहिलं होतं.”

मी कॉफीतला बर्फ ढवळत राहिले.

तो कियोस्कवाल्याकडून पाण्याची बाटली घेऊन आला. गटाराच्या कडेला वाकला, आधी उजव्या हातावर पाणी घेतलं, मग डाव्या, पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. अगदी सावकाश, जसं तो सगळंच करतो. दफनभूमीतून बाहेर आल्यावर धुतात तसे हात धुतले. झटकले. बाटली माझ्याकडे दिली. मीही धुतले.

“सावली चांगली आहे,” म्हणाला.

नंतर बराच वेळ आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. कॉफीतल्या बर्फाचं पाणी झालं. मी त्याला फ्रेहाआजीचं सांगितलं. फावडं, गाडी, इंजिन, सगळं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.  शेवटी त्याने एवढंच विचारलं, “गाडी कुठल्या बाजूला तोंड करून होती?”

“म्हणजे?”

“निघायच्या, की तुमच्या?”

कसला प्रश्न! नऊ वर्षांपूर्वीच्या गाडीचं तोंड कोण लक्षात ठेवतं? पण आत्ता लिहिताना आठवतंय. पप्पांचा चेहरा दिसला होता. म्हणजे आमच्या.

२८ मे, बुधवार

झालं ते असं.

हॉलमध्ये मी, माझे नऊ मुद्दे, कॅमेरा लावून डोरिन, आणि रिकाम्या खुर्च्या. आमचेच लोक, फोटिनी आणि दोन प्राध्यापक. खिडकीतून लांब कियोस्क दिसत होता, तिथे ही गर्दी. हिलेल रस्त्यापलीकडे गेला तर माणसंही त्याच्यामागे रस्ता ओलांडून गेली.

मी पहिला मुद्दा मांडला. दुसऱ्याला सुरुवात केली आणि मला स्वतःचाच कंटाळा आला. खरंच सांगते, असा कंटाळा मला आयुष्यात आला नव्हता. मी म्हटलं, “बाकीचं बाहेर बोलू या का?”

डोरिन ओठांनीच ‘सिमी, नको’ म्हणत होती. पण फोटिनी उठलीच होती.

पलीकडच्या फुटपाथवर आम्ही सगळे जमलो. ग्रासियाआजींना कियोस्कवाल्याने स्टूल दिलं. लोक माझ्याकडे बघू लागले, कारण भाषण माझं. मी कठड्यावर चढले आणि म्हटलं, “हिलेल, तू इथे का उभा राहतोस ते सांग. मी मध्ये बोलणार नाही.” आमच्यातला एक जण ओरडला, “हे कॅमेऱ्यात घ्या, पुन्हा होणार नाही!”

हिलेलने घसा साफ केला. पलीकडे बोट केलं. “तिथे माणसं आहेत, म्हणून,” म्हणाला. आणि थांबला. मला वाटलं नेहमीसारखी ही वाक्याची सुरुवात असेल. पण तेवढंच होतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग ग्रासियाआजी उठल्या आणि आपल्या आईच्या भिंतीची गोष्ट ग्रीकमध्ये सांगू लागल्या, फोटिनी आम्हाला अर्थ सांगत होती. भिंत नेमकी कुठे होती हे ऐकल्यावर एका मुलीने खाली पाहिलं आणि पाय उचलून कठड्याच्या या बाजूला ठेवला. मग शेजारच्याने. हळूहळू सगळी गर्दी सरकत गावाच्या बाजूला आली, दाटीवाटीने, एकमेकांच्या पायांवर पाय देत. आम्ही सोडलो तर त्यातलं कोहेन कुणी नव्हतं. ज्यूसुद्धा नव्हते.

मीही उतरून सरकले. हिलेलचा हात माझ्या हाताला लागत होता, पण गर्दीच तेवढी होती.

डोरिनच्या चित्रफितीत सगळा बसचा आवाज आला आहे. ती म्हणते, हे कुठेही दाखवण्याच्या लायकीचं नाही, प्रतिनिधी ती आता दुसऱ्या कुणाला करणार. मला वाईट वाटायला हवं होतं. मी तीनदा आठवून पाहिलं, वाटलं नाही.

२९ मे, गुरुवार. विमानतळ

पप्पांना संदेश पाठवला: ‘सप्टेंबरात येते.’ त्यांचं लगेच उत्तर: ‘कोट घेतलास ना?’

हिलेलचं विमान विनिपेगला, आधी सुटलं. जाताना म्हणाला, “हिवाळ्यात ये. फाटकं दाखवतो.” माणसाने मुलीला काय दाखवायला बोलवावं याची काही रीत! मी ‘बघू’ म्हणणार होते. ‘येईन’ म्हटलं.

१४ सप्टेंबर, रविवार. मॉन्ट्रियल

आज पप्पांबरोबर गेले. आईला मुद्दाम घरी ठेवलं.

पप्पांनी गाडी कुंपणाशी लावली, आत तोंड करून. मी ते पाहिलं. ते उतरून कुंपणापाशी एका जागी जाऊन उभे राहिले. शोधावं लागलं नाही त्यांना. मी फाटकातून आत गेले, आणि दोन मिनिटांत पार हरवले. नऊ वर्षांत आत पाऊल टाकलेलं नाही, आणि आता तिथे अख्खं गाव वसलंय.

“सरळ,” बाहेरून पप्पांचा आवाज आला. “मेपलच्या पुढे. पुढे अजून. आता डावीकडे. लाल दगड दिसतो? त्याच्या मागे.”

त्याच्या मागे फ्रेहाआजी होती.

मी वळून पाहिलं. मेपलची एक फांदी नेमकी त्यांच्या-आमच्या मधल्या जागी कापलेली होती. “ही फांदी?” मी ओरडून विचारलं.

“मी सांगितलं होतं कचेरीत. तीन वर्षांपूर्वी फार वाढली होती, इथून काही दिसेना.”

म्हणजे दर वर्षी. आईला सोडायला येतात असं मला वाटायचं.

विचारायचं ते विचारलं. “पप्पा, त्या दिवशी इंजिन का चालू ठेवलं होतं?”

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. “बर्फ होता. तुम्ही दोघी बाहेर येणार, तर गाडी गरम नको?”

मी दगडाला धरून उभी राहिले. मला सगळं आठवलं. मागच्या सीटवर बसल्यावर बोटांना मुंग्या आल्या होत्या, इतकी ऊब होती. तेव्हा मी त्यांच्याशी बोलले नव्हते. घरापर्यंत.

“सिमी,” पप्पा कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभे होते. “दगडावर काय आहे ते वाच ना.”

“तुम्हाला माहीत नाही?”

“मीच सांगितलं होतं कोरायला. पण इथून फक्त वरची कड दिसते. तुझी आई म्हणते, बरोबर कोरलंय. पण ती तर रडत होती, तिने काय नीट पाहिलं असणार.”

मी वाचलं. “फ्रेहा, मसूद आणि सोल यांची मुलगी. हिच्या दारातून कुणी उपाशी परत गेलं नाही. जावई सर्वांत जास्त जेवला.”

 पप्पांनी ती शेवटची ओळ दगडावर कोरवून घेतली होती, आणि नऊ वर्षं कुंपणाबाहेरून तिची वरची कड बघत होते.

“बरोबर आहे का?” मी विचारलं.

पप्पांनी मान डोलावली. नाक पुसलं. “पुन्हा वाच,” म्हणाले.

मी पुन्हा वाचलं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.